चढ की उतार? : मुलांसह दृष्टिभ्रमाच्या रस्त्यावर

(अणदूर येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



परिसर सहल आणि विज्ञान या विषयावर मी आज चार शब्द बोलावेत, अशी केंद्रप्रमुखांची सूचना आहे. सहलीचे हेतू, तिचे नियोजन आणि तिचा अहवाल यांविषयी आपण आजवर पुष्कळ ऐकले आहे. तेच पुन्हा सांगून मी आपला वेळ घेणार नाही. मी एकाच सहलीची हकीकत सांगणार आहे. तिला खर्च असा काही आला नाही, वाहन लागले नाही, आणि ती शाळेपासून जेमतेम दीड किलोमीटरवरच्या एका शिवरस्त्यापर्यंत गेली. परंतु त्या हकीकतीपूर्वी मला माझी एक जुनी चूक आपणांपुढे मांडली पाहिजे. कारण ती चूक मनात सलत राहिली नसती, तर ही सहल घडलीच नसती.

एक जुनी चूक

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतील गोष्ट आहे. मी एका द्विशिक्षकी शाळेत होतो. लडाखमधील लेहजवळच्या ‘मॅग्नेटिक हिल’ या टेकडीविषयीचे एक कात्रण माझ्या हाती आले. तेथे रस्त्यावर मोटार बंद करून उभी केली असता ती आपोआप चढावर जाऊ लागते, असे त्यात लिहिले होते. आणि डोंगराच्या पोटात मोठा लोहचुंबक आहे, असे कारणही दिले होते. मी ते कात्रण वर्गात वाचून दाखविले. फळ्यावर डोंगर काढला, त्याच्या पोटात नालाच्या आकाराचा चुंबक काढला. मुले हरखून गेली. तेवढ्यात मागच्या रांगेतील एका मुलाने हात वर केला आणि विचारले, “गुरुजी, तिथं पाणी सांडलं तर ते बी वर जातंय का? पाण्यात कुठं लोखंड असतंय?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याचे धैर्यही त्या वयात नव्हते. “छापून आले आहे ते खोटे का? खाली बस,” असे मी म्हणालो. तो खाली बसला. वर्ष संपेपर्यंत त्या मुलाने पुन्हा हात वर केला नाही.

बंधुभगिनींनो, त्या मुलाचा प्रश्न बिनतोड होता. छत्तीसगडच्या सरगुजा जिल्ह्यात मैनपाट नावाचे पठार आहे. तेथे ‘उलटा पाणी’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या जागी ओहळाचे पाणी चढावर जाताना दिसते. म्हणजे त्या मुलाने जे विचारले होते, ते पाहावयास आज लोक तेथे जातात! चुंबक पाण्याला ओढून चढवीत नाही. तेव्हा पाणीही जर तसेच ‘चढताना’ दिसत असेल, तर कारण चुंबक नव्हे, दुसरेच काही असले पाहिजे. माझ्या वर्गातील दहा वर्षांच्या मुलाने एका प्रश्नात चुंबकाचा निकाल लावला होता, आणि मी त्यास खाली बसविले होते.

असे रस्ते कोठे कोठे आहेत

या प्रकारचे रस्ते जगात अनेक ठिकाणी आहेत. गुजरातेत गीरच्या जंगलाजवळ तुळशीश्याम येथे एक आहे. कॅनडात मंक्टन शहराजवळची अशीच एक टेकडी प्रवाशांचे आकर्षण ठरली आहे. स्कॉटलंडमधील एअरशायर भागात समुद्रकाठच्या अशाच एका रस्त्याला ‘इलेक्ट्रिक ब्रे’, म्हणजे विजेची टेकडी, म्हणतात. विजेचे नवल होते त्या काळी लोकांना हा विजेचा प्रताप वाटला. आता तेथे रस्त्याकडेला खुलासा कोरलेला दगड उभा आहे. खरा चढ ८६ला १ एवढा असून दोन्ही बाजूंच्या जमिनीच्या ठेवणीमुळे तो उलट दिसतो, असा त्या खुलाशाचा आशय आहे. लक्षात घ्या, जेथे विजेचे नवल तेथे वीज, आणि जेथे चुंबकाचे नवल तेथे चुंबक! मनुष्याला ज्या गोष्टीचा अचंबा असतो, तीच तो कारण म्हणून पुढे करतो.

पुढे पुष्कळ वर्षांनी रजा काढून मी कुटुंबासह लेहला गेलो. श्रीनगर-लेह मार्गावर लेहपासून सुमारे ३० किलोमीटरवर ही जागा आहे. मोटार कोठे उभी करावी, हे रस्त्यावर आखून दिलेले आहे. चालकाने गाडी तेथे उभी केली, गिअर काढला, आणि गाडी हळूहळू ‘चढावर’ निघाली. कारण मी तोपर्यंत वाचलेले होते. गाडी उताराला चालली आहे, हे मी जाणून होतो. तरी माझ्या डोळ्यांना तो चढच दिसत होता. डोळे चोळले, मान वळविली, तरी चढच. हा अनुभव मला पुढे फार उपयोगी पडला. ज्ञान झाले म्हणजे भ्रम नाहीसा होतो, असे आपण सहज बोलून जातो. येथे ज्ञान झाले होते आणि भ्रम जागच्या जागी होता.

डोळा कसा फसतो

सपाटी म्हणजे काय, हे डोळ्याला आपले आपण कळत नाही. तो सभोवतीच्या खुणांवरून अंदाज करतो. त्यांतील मुख्य खूण क्षितिजाची. क्षितिज डोंगरांनी झाकले गेले, किंवा झाडे, बांध, कुंपणे तिरपी असली, की अंदाजाचा आधार सुटतो.

इटलीतील पादुआ विद्यापीठाच्या पाओला ब्रेसान व त्यांचे सहकारी यांनी या विषयावरील प्रयोग २००३ साली प्रसिद्ध केले. हे तेच विद्यापीठ, जेथे गॅलिलिओ १५९२ ते १६१० या काळात शिकवीत होता. या मंडळींनी मेजावर मावतील असे छोटे रस्ते तयार केले आणि ते पाहणाऱ्यांस चढ-उतार विचारले. त्यांस असे आढळले की, क्षितिज जेथे दिसते त्यावर उताराचा अंदाज अवलंबून असतो. आणि तीव्र उताराला लागून असलेला सौम्य उतार आपणांस चढ वाटतो. तीव्र उतार डोळा आहे त्याहून कमी समजतो, जवळजवळ सपाटच धरतो. मग त्याच्या तुलनेने सौम्य उतार वर उचललेला दिसतो. रस्ता खरा, गाडीचे जाणेही खरे. चुकतो तो फक्त आपण मनाशी धरलेला सपाटीचा अंदाज.

आमची सहल

आता त्या शिवरस्त्याकडे येतो. “एका ठिकाणी सायकल पायडल न मारता चढावर जाते,” असे आपल्याच भागातील एका शाळेतील मुले सांगत असल्याचे तेथील शिक्षकांनी मला कळविले. मी स्वतः जाऊन पाहिले. माळावरून रस्ता एकदम खाली उतरतो आणि पुढे ओढ्यापर्यंत सौम्य होतो. दोन्ही अंगांस तिरपे बांध, समोर बाभळींची दाट रांग. क्षितिज कोठेच दिसत नाही. तो सौम्य भाग खरोखर चढ दिसत होता.

जानेवारीतील एका सकाळी आम्ही २६ मुले-मुली घेऊन तेथे गेलो. बरोबर चेंडू, पाण्याचा तांब्या, काठोकाठ भरून थोडीशीच हवा ठेवलेली सरळ बाटली, दोरीला बांधलेला दगड आणि गुण्या एवढे साहित्य होते. एका मुलीचे वडील गवंडी आहेत. ते आपली लेव्हलची पारदर्शक नळी घेऊन आले.

माळाच्या टोकाशी मुलांना उभे केले आणि प्रत्येकाला कागदाची एक चिठ्ठी दिली. न बोलता, शेजाऱ्याची न पाहता, ‘चढ’, ‘उतार’ किंवा ‘सपाट’ यांपैकी एक शब्द लिहावयाचा. चिठ्ठीचा आग्रह मी मुद्दाम धरतो. तोंडी विचारले की हुशार समजला जाणारा मुलगा प्रथम बोलतो आणि सारा वर्ग त्याच्या मागे जातो. मग ते निरीक्षण राहत नाही, नुसता होकार उरतो. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा २१ जणांनी चढ, ३ जणांनी सपाट आणि दोघांनी उतार लिहिले होते.

उतार लिहिणाऱ्यांतील एक मुलगी एरवी वर्गात फारशी बोलत नाही, असे तिच्या शिक्षकांनी मला सांगितले. “तुला उतार दिसतो काय?” असे मी विचारले. ती म्हणाली, “दिसतोय चढच, गुरुजी. पण पावसाळ्यात हितलं पाणी आमच्या रानाकडं जातंय.” तिचे रान ओढ्याच्या अंगाला होते. शिक्षक बंधुभगिनींनो, यापेक्षा अधिक शास्त्रीय उत्तर मी माझ्या नोकरीत ऐकलेले नाही. डोळ्याने सांगितले ते तिने नाकारले नाही. पण अनेक पावसाळ्यांच्या निरीक्षणापुढे तिने ते प्रमाण मानले नाही.

मग चेंडू ठेवला. तो ‘चढावर’ गेला. मुलांनी एकच गलका केला. एक मुलगा मात्र म्हणाला, “वाऱ्यानं गेला असंल.” मला जुनी आठवण झाली आणि या खेपेस मी म्हणालो, “शाबास! मग हे कसे तपासावे?” मुलांनीच उपाय काढले. वारा पडेपर्यंत थांबले. चेंडूच्या मागे दप्तरांचा आडोसा केला. चेंडूऐवजी पाणी ओतले. पाणीही त्याच बाजूस गेले.

त्या मुलाची शंका वावगी नव्हती. पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळच्या नाणेघाटात, तसेच आंबोलीजवळच्या कावळेसाद येथे भर पावसाळ्यात धबधब्याचे पाणी कड्यावरून खाली न पडता वर उडते. तेथे दृष्टिभ्रम नाही. दरीतून येणारा जोराचा वारा पाण्याला खरोखरच वर फेकतो. काठावर उभे राहणारा भिजून निघतो. आपल्या भागात उन्हाळ्याच्या दुपारी सोलापूर-हैदराबाद मार्गावरच्या डांबरावर पाणी साचल्यासारखे दिसते. ते मृगजळ. तेथे वारा नाही आणि मनाची चूकही नाही. तापलेल्या हवेतून येताना प्रकाशाचा किरणच वाकतो. नाणेघाटात पाणी वर जाते, मृगजळात प्रकाश वाकतो, आणि आमच्या शिवरस्त्यावर अंदाज चुकतो. तिन्ही गोष्टी पाहणाऱ्याला सारख्याच नवलाच्या वाटतात. पण तिन्हींची कारणे निराळी आहेत. म्हणून ‘हा सारा भ्रम आहे’ असे घाईने म्हणणारा शिक्षक, ‘हा चुंबक आहे’ म्हणणाऱ्या माझ्याइतकाच चुकतो. प्रत्येक गोष्ट तिच्या जागी जाऊन तपासली पाहिजे.

यानंतर साधने काढली. भरलेली बाटली रस्त्यावर आडवी ठेवली. आतील हवेचा बुडबुडा उंच टोकाकडे जातो. तो माळाच्या बाजूस गेला. बाटलीच वाकडी असेल तर? म्हणून तिची टोके अदलाबदल करून पुन्हा पाहिले. साधनाचीही परीक्षा घ्यावी लागते, हे मुलांस येथे कळले. दगडाचा ओळंबा धरला, त्याच्या दोरीला गुण्याची एक बाजू जुळविली. दुसरी बाजू सपाटी दाखवू लागली, आणि जमीन ओढ्याकडे तिच्याखाली जाताना दिसली. ओळंब्याला लोखंड न वापरता दगड घेतला होता. त्यामुळे चुंबकाची शंका उरली नाही.

शेवटी गवंडीदादांनी नळीत पाणी भरले. १० मीटर अंतरावर दोन काठ्या उभ्या करून नळीची दोन टोके धरली. माळाच्या अंगाला पाण्याची पातळी जमिनीपासून ६० सेंटीमीटर, ओढ्याच्या अंगाला ७५ सेंटीमीटर. म्हणजे १० मीटरला १५ सेंटीमीटर उतार. सातवीच्या मुलांनी तेथेच धुळीत भागाकार केला : सुमारे ६७ला १. नळदुर्गच्या किल्ल्यातील बोरी नदीवरचे धरण आणि पाणीमहाल या मुलांनी पाहिला होता. “तो बांधणाऱ्यांनी नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवला असता, तर पाणी अडले असते काय?” असे मी विचारले. उत्तर गवंडीदादांनीच दिले : “गुरुजी, नुसत्या नजरेनं आम्ही न्हाणीची फरशी बी बसवत न्हाई.”

एका चुणचुणीत मुलाने विचारले, “डोंगर ओळंब्याला ओढत असंल तर?” हा प्रश्न फार मोठ्या माणसांनी विचारलेला आहे. स्कॉटलंडमधील शीहॅलियन पर्वताजवळ नेव्हिल मॅस्कलिन याने १७७४ साली हेच मोजले. पर्वत ओळंब्याला खरोखरच ओढतो. पण त्या पर्वताच्या दोन्ही बाजूंचा परिणाम मिळून १२ विकलांहूनही कमी भरला. एका अंशाचे ३,६०० भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक विकला. एवढ्याने चेंडू चढावर जात नाही.

परत निघताना मुले पुन्हा माळाच्या टोकाशी आली, आणि एक मुलगा हिरमुसला होऊन म्हणाला, “गुरुजी, मोजलं तरी चढच दिसतोय.” मी त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि म्हणालो, “मलाही तसाच दिसतो.” त्याच्या चेहऱ्यावरचे ओझे उतरलेले मी पाहिले. आपलेच डोळे वाईट आहेत, असे त्यास वाटत होते. डोळे सर्वांचे सारखेच फसतात. म्हणूनच तर माणसाने ओळंबा केला.

पुठ्ठ्याचा रस्ता

प्रत्येक गावी असा रस्ता सापडेल असे नाही. तेथे वर्गातच तो करता येतो. ४० सेंटीमीटर लांबीच्या, गुळगुळीत पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या घ्या. पहिली पट्टी पुस्तकांच्या आधाराने अशी ठेवा की, ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ८ सेंटीमीटर उतरेल. तिच्या खालच्या टोकाला दुसरी जोडा. ती फक्त १ सेंटीमीटर उतरू द्या. मागे व बाजूंस साधे कापड लावा, म्हणजे मेजाची कड किंवा भिंतीची रेघ दिसणार नाही. पहिल्या पट्टीच्या वरच्या टोकामागे, वीतभर उंचीवर, भोक पाडलेला पुठ्ठा उभा करा आणि मुलांस एका डोळ्याने त्यातून पाहू द्या. अंदाज चिठ्ठीवर लिहून झाला की सांध्यापाशी गोटी ठेवा. त्यानंतर कापड काढून बाजूने दाखवा. पहिल्या खेपेस जमले नाही, तर पट्ट्यांचा उतार थोडा कमी-जास्त करावा. तसे करणे हाही प्रयोगच होय.

सहलीत पाळावयाच्या गोष्टी

१. राष्ट्रीय महामार्गावर किंवा घाटात हा प्रयोग कदापि करू नये. रहदारी नसलेला शिवरस्ता किंवा पाणंदच निवडावी. दोन्ही टोकांस मोठी माणसे उभी करावीत. पालकांची संमती आधी घ्यावी.

२. मोटार किंवा दुचाकी बंद करून सोडून पाहण्याचा प्रयोग मुलांसमवेत करू नये. चेंडू आणि पाणी पुरेसे आहे.

३. अंदाज आधी, मोजणी मागून, आणि उत्तर सर्वांत शेवटी. शिक्षकाने वाटेत उत्तर सांगून टाकले, तर मुलांची नुसती पायपीट होते.

४. दृष्टिहीन किंवा मंददृष्टी मूल वर्गात असेल, तर नळी, दोरी व गुण्या त्याच्या हाती द्यावेत. या प्रयोगात हाताचे प्रमाण डोळ्याहून मोठे आहे.

५. गावातील वडीलधारी माणसे अशा जागेविषयी काही श्रद्धेने सांगतील. आपल्या अणदूरच्या आणि नळदुर्गच्या खंडोबाची एकच मूर्ती वर्षात दोन्ही ठिकाणी मुक्कामास असते. वाटा, माळ, ओढे यांच्याशी येथील माणसांचे नाते जुने आहे. त्यांची टिंगल मुलांपुढे होऊ देऊ नये. आमच्या सहलीत एक आजोबा म्हणाले, “लेकरांनो, हितं पहिल्यापासनं असंच हाय.” आम्ही त्यांस विनंती केली, “आजोबा, नळीचे एक टोक जरा धरता का?” त्यांनी ते शेवटपर्यंत धरले आणि ७५चा आकडा त्यांनीच मोठ्याने वाचला.

बंधुभगिनींनो, मी आता समारोप करतो. आजच्या काळात मुलांच्या हाती चित्रफिती येतात, ‘चमत्कारिक टेकडी’च्या येतात, आणि त्यांहून किती तरी घातक गोष्टींच्याही येतात. प्रत्येक वेळी आपण शेजारी असणार नाही. ‘मला असे दिसते’ आणि ‘हे असे आहे’ यांतले अंतर मोजून पाहण्याची सवय तेवढी आपण त्यांस देऊ शकतो. आणि ती द्यावयाची, तर ‘मला ठाऊक नाही, चला पाहू’ हे वाक्य प्रथम आपल्या तोंडून निघाले पाहिजे.

मी खाली बसविलेला तो मुलगा आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. त्यास मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आपल्या वर्गात उद्या असा एखादा हात वर झाला, तर तो खाली जाऊ देऊ नका, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.